गोष्ट आणि तिचे नाटक

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांच्या ‘दिवास्वप्न’ या गुजराती पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गास अभ्यासाऐवजी आधी गोष्टी सांगतो. पुढे मुले त्याच गोष्टींची नाटके करतात. प्रयोग कल्पित असल्याने यश जरा सहज पदरी पडते, हे खरे. परंतु पहिल्याच दिवशी मुले शिक्षकाचा बेत उधळून लावतात, हेही लेखक लपवीत नाही. आम्हांस पुस्तकाचे मर्म या नाटकांत दिसते. तेथे संवाद पाठ करावयाचे नसतात. गोष्ट मनात मुरली असल्याने शब्द मुलांना आपणहून सुचतात. आपल्याकडील स्नेहसंमेलनांत संवाद गुरुजींचे, पोशाख भाड्याचे, आणि सिंह झालेल्या बाळाने मूळ गोष्ट वाचलेलीच नसते! पालक मात्र टाळ्या वाजवून थकतात.