वेग जुळला, पण दाबाचे काय?

बेंजामिन रॉबिन्स यांचे 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हे पुस्तक १७४२ साली प्रसिद्ध झाले. लिओनार्ड ऑयलर यांनी १७४५ मध्ये त्याचा जर्मन अनुवाद केला आणि त्याला मूळ पुस्तकापेक्षा कितीतरी मोठे भाष्य जोडले. गोळीचा वेग मोजणारा रॉबिन्स यांचा लोलक आजही भौतिकीच्या पाठ्यपुस्तकांत भेटतो. पुस्तक मात्र क्वचितच वाचले जाते. शिक्षकांनी ते पाहावे असे आम्हाला वाटते. त्यातील प्रयोग अव्वल आहे, आणि त्यावरून काढलेले एक अनुमान सदोष आहे. हा दोष आपल्या प्रयोगवह्यांतही आढळतो.

आधी प्रयोग पाहू. सुमारे ५६ पौंड वजनाचा लोलक टांगायचा आणि त्यावर पौंडात बारा बसतील एवढी शिशाची गोळी झाडायची. गोळी लाकडात रुतते व लोलक झुलतो. त्याला बांधलेली फीत किती ओढली गेली यावरून झोका मोजायचा. वेग निघाला सेकंदाला १६०० फुटांहून अधिक, म्हणजे सुमारे ५०० मीटर. ज्या काळी सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे घड्याळ नव्हते, त्या काळी हे साधले, कारण अतिवेगवान हालचालीचे रूपांतर रॉबिन्स यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या संथ हालचालीत केले.

पाठ्यपुस्तकातील उदाहरणात नेमकी इथेच गफलत होते. अनेक विद्यार्थी गोळीची सगळी गतिज ऊर्जा झोक्यात आली असे धरतात. प्रत्यक्षात टक्कर होताना संवेग टिकतो, गतिज ऊर्जा टिकत नाही. वरील आकड्यांनुसार ऊर्जेचा सुमारे ६७० वा हिस्साच झोक्यात उतरतो. बाकीची लाकूड फाडण्यात आणि उष्णतेत जाते. ऊर्जेचे सूत्र वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ५०० ऐवजी सेकंदाला १९ मीटर असे उत्तर मिळेल.

आता दोष. वेग आधीच गणिताने सांगता यावा म्हणून रॉबिन्स यांनी दोन गोष्टी गृहीत धरल्या. गोळी जागची हलण्यापूर्वीच सगळ्या दारूचा वायू होतो, आणि त्या क्षणी त्याचा दाब वातावरणाच्या सुमारे हजारपट असतो. या गृहीतकांवरून काढलेला वेग लोलकाच्या वेगाशी चांगला जुळला, आणि सिद्धान्त खरा ठरला असे त्यांना वाटले. पुढे १८७० च्या दशकात नोबल आणि एबल यांनी बंद पोलादी भांड्यात दारू जाळली. भांडे दारूने पूर्ण भरलेले असता दाब वातावरणाच्या सहा हजारपटींहून अधिक निघाला. शिवाय दारू क्षणात जळत नाही. गोळी पुढे सरकत असतानाही ती जळत राहते. एका गृहीतकामुळे वेग कमी निघत होता, दुसऱ्यामुळे जास्त. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतले.

असे का होऊ शकते, हे फळ्यावर दाखवता येते. आडव्या अक्षावर नळीतील अंतर आणि उभ्या अक्षावर बल घ्या. आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे गोळीला मिळालेली ऊर्जा. पाया ६० आणि उंची १० असा आयत काढा. मग पाया ६० आणि उंची २० असा त्रिकोण काढा. क्षेत्रफळ दोन्हींचे ६००, म्हणून वेगही सारखाच. पण त्रिकोणातील सर्वोच्च बल दुप्पट आहे. वेगावरून क्षेत्रफळ कळते, शिखर कळत नाही.

हा केवळ इतिहास नाही. अमेरिकेत हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरणारे अनेक हौशी नेमबाज वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरतात आणि त्यांचा वेग तपासतात. त्यांच्या यंत्रात दोन प्रकाशसंवेदक असतात. त्यांमधील अंतर कापायला लागलेल्या वेळावरून वेग निघतो. एका गोळीसाठी हे ठीक आहे, पण छऱ्यांचा थवा जाताना लांबत जातो. संवेदकाने कोणता छरा टिपला हे सांगता येत नाही, म्हणून एका बाराचा आकडा फारसा भरवशाचा नसतो. याहून गंभीर बाब दाबाची. बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसासाठी तिकडे कमाल दाब चौरस इंचाला ११,५०० पौंड ठरलेला आहे. जलद जळणारी दारू वापरूनही सेकंदाला तेच १२०० फूट मिळू शकतात, आणि दाबाचे शिखर मात्र ही मर्यादा ओलांडून गेलेले असू शकते. 'वेग पुस्तकातल्याएवढाच आला, म्हणजे काडतूस सुरक्षित' हा तर्क रॉबिन्स यांच्या तर्काचाच भाऊ आहे. इथे त्याची किंमत नळी फुटण्यात मोजावी लागते. प्रयोगशाळांत दाब वेगळ्या संवेदकाने मोजतात तो यासाठीच.

रॉबिन्स यांचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून ते भारतात आले आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारले. त्यांचे गृहीतक मागे पडले, त्यांचे मोजमाप टिकले.

आपल्या प्रयोगवहीत 'प्रमाणित उत्तराशी जुळले' एवढे लिहिले की पूर्ण गुण मिळतात. त्याखाली आणखी एक ओळ विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावी, अशी आमची सूचना आहे: हेच उत्तर आणखी कोणत्या कारणाने आले असते?