मार्कुसच्या मोटारीची मिती : एक चिकित्सा

मोटारगाडीचा आद्य निर्माता कोण, या वादांत व्हिएन्ना येथील झीग्फ्रीड मार्कुस याचे पक्षपाती त्याच्या गाडीचें साल इ. स. १८७५ धरीत आले. कार्ल बेंझ याचें जर्मन पेटंट, क्रमांक ३७४३५, ता. २९ जानेवारी १८८६ चें आहे. तेव्हां हें साल खरें ठरल्यास अग्रमान मार्कुसकडे जातो. परंतु त्यास समकालीन अस्सल कागदाचा आधार नाहीं. १९६० नंतरच्या संशोधनाप्रमाणें, व्हिएन्नाच्या यंत्रविद्या-संग्रहालयांतील ही गाडी मोराव्हियांतील आडाम्सथाल येथील कारखान्यांत १८८८-८९ च्या सुमारास तयार झाली. उलटपक्षीं, मार्कुस ज्यू असल्यामुळें १९४० त नाझी प्रचारखात्यानें जर्मन ज्ञानकोशांतून त्याचें नांव काढून त्या जागीं डायम्लर व बेंझ यांचीं नांवें घालण्यास फर्माविलें, हेंही विसरतां येत नाहीं. हा अन्याय खराच. पण त्याचें परिमार्जन निराधार मितीनें होत नाहीं. १८७० च्या सुमारास मार्कुसनें एका हातगाडीवर अंतर्ज्वलन एंजिन बसविलें होतें. हें श्रेय साधार असून तें त्यास मिळालेंच पाहिजे. बखरींतील मितींस आपण जी कसोटी लावतों, तीच यंत्रांच्या इतिहासासही लावली पाहिजे.