तीन आठवडे आणि सव्वीस वर्षे

विज्ञानप्रसार म्हणजे जाणकाराने अजाणाला समजावून सांगणे, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. ब्रायन विन यांचे लेखन शब्दकोश हाताशी घेऊन वाचू लागलो, तेव्हा ती डळमळली. विन हे इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठातले अभ्यासक. केंब्रिजला विज्ञान शिकून ते विज्ञानाच्या समाजशास्त्राकडे वळले. विंडस्केल येथील अणुइंधन प्रकल्पाबाबत १९७७ साली सार्वजनिक चौकशी झाली, तिच्यावर त्यांनी १९८२ मध्ये पुस्तक लिहिले. पण त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते मेंढ्यांशी.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. मेच्या आरंभी किरणोत्सारी ढग ब्रिटनवर आले आणि नेमका तेव्हाच वायव्य इंग्लंडमधील कंब्रियाच्या डोंगरांवर जोरदार पाऊस झाला. सीझियम गवतात उतरले, गवतातून मेंढ्यांत. काळजीचे कारण नाही असे आधी सांगणाऱ्या सरकारने २० जूनला मेंढ्यांची ने-आण आणि कत्तल यांवर बंदी घातली. मुदत तीन आठवड्यांची. तेवढ्यात मेंढ्यांतले सीझियम उतरेल, असा तज्ज्ञांचा हिशेब होता. ब्रिटनमधील शेवटचे निर्बंध उठले ते २०१२ मध्ये.

हिशेब चुकला तो मातीत. चिकणमाती सीझियमला घट्ट धरून ठेवते, ते मुळांच्या हाती लागू देत नाही. तज्ज्ञांचे गृहीतक अशा मातीवरचे होते. डोंगरावरची माती मात्र आम्लधर्मी, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. तिच्यात सीझियम मोकळे राहते आणि मुळांवाटे पुन्हा पुन्हा गवतात येते.

विन यांनी या मेंढपाळांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांतून दिसते ते असे. मेंढ्या खाली दरीत चारा, असा सल्ला मिळाला. दरीतले गवत मोजके असते आणि ते राखून ठेवावे लागते, हे सल्लागारांच्या गावी नव्हते. बेंटोनाइट माती टाकून सीझियम कमी होते का, हे पाहण्यासाठी मेंढ्या कुंपणात ठेवण्यात आल्या. मोकळ्या डोंगरावर वाढलेले जनावर कोंडले की खंगते, असे मेंढपाळ सांगत होते. पुढे तो प्रयोग सोडून द्यावा लागला. शिवाय सेलाफिल्ड, म्हणजे जुने विंडस्केल, जवळच. तिथे १९५७ साली मोठी आग लागली होती. ‘हे विष सगळे चेर्नोबिलचेच कशावरून?’ हा मेंढपाळांचा प्रश्न त्यामुळे अडाणीपणाचा नव्हता.

लोकांना विज्ञान कळत नाही, म्हणून त्यांचा विज्ञानावर विश्वास नाही. माहिती पुरवा, विश्वास येईल, असे तेव्हा सर्रास मानले जाई. विन यांनी १९९२ च्या निबंधात हे सूत्रच उलटे तपासले. मेंढपाळ नुसती माहिती पारखत नव्हते. ती देणाऱ्या संस्थेची वागणूक पारखत होते. ती चूक कबूल करते का? ‘नक्की माहीत नाही’ असे म्हणते का? आम्हाला विचारते का? हा संशय अनुभवातून आला होता.

विन यांचे हे योगदान मला मोठे वाटते. पण त्यांच्या लेखनात दोन उणिवाही जाणवतात. मेंढपाळाचे ज्ञान मानायचे, तर लशीविषयीच्या अफवेचे काय करायचे? अनुभवी माणसाचे म्हणणे कुठवर प्रमाण मानावे, असा सवाल हॅरी कॉलिन्स आणि रॉबर्ट इव्हान्स यांनी २००२ मध्ये केला. प्रश्न कोणता, हे ठरवतो कोण, इकडे विन यांनी उत्तरात लक्ष वेधले. मुद्दा रास्तच, पण त्याने सीमारेषेचा सवाल सुटत नाही. दुसरे, त्यांचे गद्य फार अवघड आहे. ज्यांची बाजू ते मांडतात, त्या मेंढपाळाला ते वाचता येईल असे वाटत नाही.

तरीही हे लेखन मला सोडवत नाही, त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका खेड्यात मी हवामानाच्या अंदाजावर व्याख्यान दिले. एक म्हातारे शेतकरी उठून म्हणाले, “अंदाज तालुक्याचा सांगता. आमच्याकडं वढ्याच्या अलीकडं पडतो, पलीकडं न्हाई. मग मी पेरू का नको?” मी त्यांना संभाव्यता म्हणजे काय, ते समजावून सांगितले. ते मान हलवत खाली बसले. ‘यांना काही कळले नाही,’ असे मनाशी म्हणत मी घरी आलो.

ओढ्याच्या पलीकडे किती वर्षे पाऊस पडत नाही, हे मी त्यांना विचारलेच नव्हते.