'उपजत' या शब्दाचा हिशेब

दलित कलावंताचे कौतुक करताना प्रस्थापित समीक्षा एक शब्द हमखास वापरते : 'उपजत'. लय त्याच्या रक्तातच आहे, असे एकदा म्हटले की ती त्याने कुणाकडून, किती वर्षे घासून मिळवली, हे विचारण्याची गरज उरत नाही. अमेरिकेतील काळ्यांच्या जॅझ आणि ब्लूजबद्दल गोऱ्यांनीही हेच म्हटले.

टेडी वेदरफर्डचे आयुष्य या शब्दाला उत्तर देते. १९०३ साली व्हर्जिनियात जन्मलेला हा काळा कलावंत न्यू ऑर्लिन्समध्ये पियानो शिकला, शिकागोत गाजला आणि १९२६ साली आशियाकडे निघाला. १९३०च्या दशकात तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. गोव्यातील कुडचड्याचा फ्रँक फर्नांड हा तरुण त्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवी. गोव्याची ही मुले चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकून येत. कागदावरचे स्वर त्यांना येत होते. कागदापलीकडचा जॅझ मात्र वेदरफर्डसारख्यांच्या शेजारी बसूनच घ्यावा लागला. म्हणजे 'काळ्यांच्या रक्तातली' लय गोव्याच्या मुलाला शिकता आली! रक्त शिकवता येत नाही. विद्या शिकवता येते.

२५ एप्रिल १९४५ रोजी वेदरफर्ड कलकत्त्यात पटकीने गेला. फर्नांड पुढे हिंदी चित्रपटसंगीतात वावरला. 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोंकणी चित्रपट त्याने काढले. मात्र हिंदी गाण्यांचा वाद्यमेळ लिहिणारे असे कितीतरी गोवेकर पडद्यामागेच राहिले.

तीच गाणी आमच्या बिलोलीत लग्नाच्या बँडवर वाजली. माझे चुलते क्लॅरिनेट वाजवीत. कॅसेट मागे-पुढे करून ते चाल उचलीत आणि रात्री पोरांकडून घटवून घेत. बोट चुकले की पुन्हा पहिल्यापासून. वरातीत सर्वांत पुढे हेच, आणि जेवायला सर्वांत शेवटी, मांडवाबाहेर. पंगतीतले लोक म्हणत, "यांच्या अंगातच आहे ते."

काळ्यांशी असलेले दुःखाचे नाते आपण ओळखले. शिकण्या-शिकवण्याचे नाते अजून नीट मांडलेले नाही. कोण कुणाजवळ बसून शिकला, याची नोंद आपल्याच समीक्षेने केली नाही, तर 'उपजत' म्हणणाऱ्यांचेच खरे ठरेल. चुलत्यांच्या हाताखाली तयार झालेली सतरा पोरे मला आठवतात. त्यांची नावे मी वहीत उतरवायला घेतली आहेत.