काका तिथेच आहेत, फक्त दिसत नाहीत

आता फेसबुककडे येऊ. २००४ साली हार्वर्डच्या पोरांनी आपल्याच कॉलेजसाठी काढलेलं हे संकेतस्थळ. सप्टेंबर २००६ मध्ये ते तेरा वर्षांवरच्या कुणालाही खुलं झालं. मग आई आली, मावशी आली, शाळेतल्या बाई आल्या, आणि हळूहळू पोरं उठून गेली. प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत २०१४-१५ मध्ये अमेरिकेतली १३ ते १७ वयाची ७१ टक्के मुलं फेसबुक वापरत होती. २०२२ मध्ये ३२ टक्के. यात नवल काय? काका लाइक करणार हे माहीत असताना सतराव्या वर्षी मोकळेपणाने कोण बोलेल?

कंपनीने आधी पैसा काढला. २०१२ मध्ये इन्स्टाग्राम एक अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. पुढच्या वर्षी स्नॅपचॅटला मागणी घातली, तिथून नकार आला. मग २०१६ मध्ये इन्स्टाग्रामवर स्टोरीज आल्या, चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या. उघड उघड स्नॅपचॅटच्या. आपल्याकडे जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि दहाएक दिवसांत रील्स हजर!

मला ही उचलेगिरी फारशी खटकत नाही. खटकतं ते पुढचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये झुकरबर्ग यांनी जाहीर केलं, की यापुढे वयस्करांपेक्षा तरुणांकडे बघून सगळं घडवायचं. म्हणजे काय झालं? फीडमध्ये ओळखीच्यांच्या जागी अनोळखी लोकांचे व्हिडिओ वाढत गेले. तोडगा हुशार आहे, हे मान्य करू. काकांना न हाकलता काकांची अडचण सुटली.

२०२४ मध्ये कंपनीने सांगितलं, की अमेरिका-कॅनडात १८ ते २९ वयाचे चार कोटींहून जास्त लोक रोज येतात. येत असतील. पण येऊन करतात काय? मार्केटप्लेसवर जुना सोफा शोधतात, रील्स बघतात, जातात. स्वतःचं काही सांगायला येणारे किती, हे त्या आकड्यात नाही. पोरं परतली ती प्रेक्षक म्हणून. आणि मावशीने हौसेने टाकलेला फोटो? तो भाच्यापर्यंत पोचायला आता त्या सगळ्या व्हिडिओंशी झगडतो.

मार्च २०२५ मध्ये तिकडे नवा 'फ्रेंड्स' टॅब आला. त्यात फक्त मित्रांच्या पोस्ट दिसतात. ज्यासाठी घर बांधलं, त्याला आता घरातली एक खोली दिली आहे, बरं का.