‘खाल्लं नाही’ म्हणजे नेमकं काय?

ॲक्सोलॉटल हा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को भागातला, जन्मभर पाण्यात राहणारा सॅलमँडर. तो घरी पाळणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: नवं जिवंत खाद्य नाकारलं तर काही दिवस उपाशी ठेवा, मग खाईल. सल्ला कामाचा असेलही. पुरावा म्हणून मात्र फार कच्चा आहे. का, ते रिसर्चला लागण्याआधीच बघून ठेवा.

‘नाकारलं’ या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. ॲक्सोलॉटल झटक्यात तोंड उघडून भक्ष्य पाण्यासकट आत ओढतो. तोंडच उघडलं नाही, तर प्रश्न भक्ष्य जाणवण्याचा असू शकतो, म्हणजे वास किंवा हालचाल. आत घेऊन थुंकलं, तर बहुधा चवीचा. गांडूळखतातलं लाल गांडूळ, आयसेनिया फेटिडा, घ्या. डिवचलं की ते पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतं. अनेक ॲक्सोलॉटल ते थुंकून टाकतात. सल्ल्यात मात्र नुसतं ‘गांडूळ’ असतं. कुठलं?

आता समजा, उपाशी ठेवल्यावर खाल्लं. भुकेमुळे? की मधल्या दिवसांत पाणी थंड झालं म्हणून? की या वेळी तुम्ही गांडूळ चिमट्यात धरून हलवलंत म्हणून? उपाशी न ठेवलेले काही ॲक्सोलॉटल, तेच गांडूळ, तेच तापमान, तीच द्यायची पद्धत, एवढं नसेल तर सांगताच येत नाही. शिवाय मोठा ॲक्सोलॉटल रोज खाल्ल्याशिवाय आरामात राहतो, त्यामुळे एका दिवसाचा ‘नकार’ कदाचित नकारच नसतो.

वहीत निदान दोन रकाने आखा: ‘तोंड उघडलं’ आणि ‘गिळलं’.