क्रॅब, जॉर्ज

क्रॅब, जॉर्ज : (२४ डिसेंबर १७५४–३ फेब्रुवारी १८३२). इंग्रज कवी व धर्मोपदेशक. जन्म सफक परगण्यातील ऑल्डबरा या समुद्रकाठच्या गावी. वडील मिठावरील कर वसूल करीत. वैद्यकाची उमेदवारी करून क्रॅबने गावातच व्यवसाय मांडला. परंतु त्यात अपयश आल्याने १७८० मध्ये तो लंडनला गेला. तेथे उपासमारीची वेळ आली, तेव्हा त्याने एडमंड बर्कला पत्र लिहिले. बर्कच्या साहाय्याने द लायब्ररी (१७८१) हे काव्य प्रसिद्ध झाले व त्याला धर्मोपदेशकाची दीक्षाही मिळाली. ऑल्डबरा येथे साहाय्यक म्हणून काम केल्यावर तो रटलंडच्या ड्यूकचा खाजगी धर्मोपदेशक झाला. पुढे लेस्टरशरमधील मस्टन (१७८९–१८१४) आणि नंतर अखेरपर्यंत विल्टशरमधील ट्रोब्रिज येथे त्याने धर्मोपदेशकाचे पद सांभाळले.

गोल्डस्मिथने द डेझर्टेड व्हिलेज (१७७०) मध्ये नष्ट झालेल्या ग्रामसुखाबद्दल शोक केला होता. ते सुख मुळात होते काय, असा प्रश्न क्रॅबने द व्हिलेज (१७८३) मध्ये विचारला. रेताड जमीन, पिकाला दाबून टाकणारे तण (क्रॅब वनस्पतिशास्त्राचा जाणकार होता), निराश्रितांच्या घरात मरण कंठणारा म्हातारा मजूर, त्याच्याकडे धड न पाहणारा वैद्य आणि शिकारीत दंग असलेला धर्मोपदेशक, ही यातील चित्रे त्याच्या प्रत्यक्ष अनुभवातली आहेत. दरिद्री मृताच्या अंत्यविधीलाही या धर्मोपदेशकाला सवड नसते. मात्र काव्याचा शेवट ड्यूकच्या दिवंगत भावाच्या स्तुतीने होतो. आश्रयदात्याच्या ऋणाची ही फेड काव्याला बाधक ठरली आहे.

कर्तव्यविन्मुख धर्मोपदेशकाचा उपहास करणारा क्रॅब स्वतः १७९२ ते १८०५ या काळात मस्टन सोडून सफकमध्ये राहिला. तत्कालीन चर्चमध्ये हे सर्रास चाले. तथापि बिशपच्या आग्रहामुळे तो परतला, तेव्हा त्याच्या लोकांत मेथडिस्ट पंथाने मूळ धरले होते. याच वर्षांत अपत्यांचे मृत्यू, पत्नीचा मानसिक आजार आणि औषध म्हणून सुरू झालेले अफूचे नित्य सेवन हे त्याच्या वाट्याला आले. द न्यूजपेपर (१७८५) नंतर बावीस वर्षे त्याचे एकही काव्य प्रसिद्ध झाले नाही.

द पॅरिश रजिस्टर (१८०७) मध्ये त्याच्या व्यवसायानेच त्याला काव्याचा घाट पुरविला. गावचा धर्मोपदेशक वर्षभराच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी चाळत जातो. वहीत केवळ नाव व तारीख असते. त्यामागची फसवणूक, कर्ज, हट्ट वा क्वचित चांगुलपणा धर्मोपदेशकाला ठाऊक असतो. दरिद्री माणसाला नावानिशी काव्यात स्थान देणारी ही रीत द बरो (१८१०) व टेल्स (१८१२) मध्ये अधिक प्रगल्भ झाली. टेल्स ऑफ द हॉल (१८१९) ही त्याची शेवटची मोठी कृती.

वर्ड्‌स्वर्थच्या पिढीत लिहीत असूनही क्रॅबने पोपच्या परंपरेतील हिरोइक कप्लेट ही द्विपदी सोडली नाही; तिच्या ठराविक चालीमुळे दीर्घ कथने कंटाळवाणी होतात. हॅझ्‌लिटने त्याच्यावर रुक्षतेचा व उदासपणाचा आरोप केला. बायरन व स्कॉट मात्र त्याचे चाहते होते. दारिद्र्याची कारणे तो समाजरचनेपेक्षा व्यक्तीच्या दुबळेपणात शोधतो, ही त्याची खरी मर्यादा होय, आणि ती धर्मपीठावरून बोलणाऱ्याची मर्यादा आहे. परंतु द बरोमधील ‘पीटर ग्राइम्स’ या कथेत तो तिच्या पलीकडे जातो. निराश्रित मुलांना उमेदवार म्हणून आणून त्यांचा छळ करणारा हा कोळी जितका दोषी, तितकेच त्या मुलांचे रडणे ऐकून गप्प राहणारे गावकरीही. ओहोटीचा चिखल आणि साचलेले पाणी यांच्या वर्णनातून ग्राइम्सचे पोखरलेले मन जसे व्यक्त होते, तसे ते उपदेशातून झाले नसते. याच कथेवर बेंजामिन ब्रिटन याने पीटर ग्राइम्स (१९४५) ही संगीतिका रचली. तिच्यातील ग्राइम्स हा गावाने वाळीत टाकलेला, सहानुभूतीस पात्र असा माणूस आहे. क्रॅबने ती सवलत त्याला दिलेली नाही.